बावला खून खटला (१९२५) : मुमताज बेगम कोण होती, आणि तिची गोष्ट आपण कशी सांगावी?

मुंबईच्या मलबार हिलवर एक खून झाला आणि त्यापायी इंदूरच्या महाराजांची गादी गेली. ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या बुजुर्गांकडून कधी ना कधी ऐकली असेल. आता शंभर वर्षांनंतर तीच गोष्ट मोबाइलवर छोट्या छोट्या व्हिडिओंमधून फिरते आहे. मागच्या वर्षी आमच्या दहावीच्या वर्गातील एका मुलीने तासाला विचारले, "सर, ती मुमताज बेगम वाईट बाई होती का?" वर्गात काही मुले हसली. आम्ही मात्र हसू शकलो नाही, कारण या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून या खटल्याची खात्रीशीर माहिती येथे एकत्र देत आहोत. मुलांसोबत बसून वाचता यावी, अशाच भाषेत ती लिहिली आहे.

घटना काय घडली?

तारीख १२ जानेवारी १९२५, वेळ संध्याकाळची. अब्दुल कादिर बावला नावाचे एक श्रीमंत तरुण व्यापारी आपल्या मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाले होते. वय अवघे २५. कापडाच्या धंद्यात नाव होते, शिवाय मुंबई महापालिकेत ते सदस्य होते. त्यांच्यासोबत गाडीत मुमताज बेगम होती, आणखी काही माणसे होती. त्या काळी मुंबईत मोटारी फार नव्हत्या, त्यामुळे मागून दुसरी मोटार आली तेव्हा कोणाला लगेच संशय आला नाही.

त्या मोटारीने बावलांच्या गाडीला धडक देऊन ती थांबवली. त्यातून उतरलेले लोक शिव्या देत ओरडू लागले, बाईला बाहेर काढा. बावलांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तिला ओढून दुसऱ्या गाडीत घालण्याचा प्रयत्न सुरू होता.

तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी रस्ता चुकून तिथे पोहोचले. त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या, गोल्फच्या काठ्या होत्या. लेफ्टनंट सीगर्ट यांनी त्या काठीनेच हल्लेखोरांवर चाल केली. त्यांना स्वतःला गोळी लागली, तरी त्यांनी मुमताजला सोडले नाही. एक हल्लेखोर जागीच पकडला गेला. काही तासांनी बावलांचा मृत्यू झाला. मुमताज वाचली.

ते अधिकारी रस्ता चुकले नसते तर काय झाले असते? बावलांचा खून तरीही झालाच असता, पण खटला कदाचित उभाच राहिला नसता. कारण साक्ष देणारी बाई मुंबईतून गायब झाली असती.

मुमताज बेगम कोण होती?

मुमताज गाणे आणि नाच करणाऱ्या घराण्यातली. तिच्या आईचाही हाच पेशा होता. अशा स्त्रियांना आपल्याकडे तवायफ म्हणत. आज तो शब्द शिवीसारखा वापरतात. पण एके काळी ठुमरी, दादरा, गझल ही कला याच घराण्यांनी जपली. त्यांच्यातल्या कित्येकींना उत्तम उर्दू येत असे. हे खरे आहे, आणि या पेशातल्या मुलींना स्वतःचे आयुष्य स्वतः ठरवण्याची मुभा फारशी नसे, हेही खरेच आहे.

मुमताज इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याकडे गेली आणि त्यांच्या जनान्यात राहू लागली. निकालाच्या वेळी न्यायमूर्तींनी नमूद केले की ती दहा वर्षे महाराजांकडे होती. हल्ल्याच्या वेळी तिचे वय साधारण २२ असल्याचे सांगितले जाते.

आता आम्ही शिक्षक माणसे, त्यामुळे वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही. बावीसमधून दहा गेले, बारा उरले. वयात एखाद-दोन वर्षे इकडे तिकडे धरली तरी इंदूरला जाताना ती लेकरूच होती. सातवी-आठवीच्या बाकावर बसणारी मुलगी. महाराजांचा जन्म १८९० चा, म्हणजे ते तेव्हा चोवीस-पंचवीसचे. पुढची दहा वर्षे जी गोष्ट लोक 'राजाची माशूका' म्हणून चवीने सांगत आले, तिची सुरुवात ही आहे. वर्गात हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा मघाशी हसलेली मुले गप्प झाली.

ती इंदूर सोडून का निघाली?

मुंबई हायकोर्टात मुमताजने स्वतः जबानी दिली. तिने सांगितले की इंदूरमध्ये तिच्यावर सतत पाळत असे. तिच्याकडे कोण येते, कोण जाते, याची नोंद ठेवून महाराजांना कळवले जाई. तिथे तिला एक मुलगी झाली. बाळ मेलेलेच जन्मले, असे आधी तिला सांगण्यात आले. पण नर्सने बाळाला मारले, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यानंतर तिथे राहण्याची तिची इच्छा उरली नाही.

या आरोपावर स्वतंत्र खटला चालला नाही, त्यामुळे तो सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण एक आई भर कोर्टात उभी राहून हे बोलली, एवढे तर नोंदीत आहे. व्हिडिओवाले तिच्या दागिन्यांबद्दल बोलतात, तिच्या रूपाबद्दल बोलतात. तिच्या मेलेल्या मुलीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

एकदा तिला रेल्वेने मसुरीला नेले जात होते. दिल्लीला ती उतरली आणि पुढे जायला तिने साफ नकार दिला. तिथून ती अमृतसरला गेली आणि फिरत फिरत पुढे मुंबईला आली. मुंबईत तिचा कार्यक्रम पाहताना बावलांशी ओळख झाली आणि काही महिन्यांपासून ती त्यांच्या आश्रयाला राहत होती. तिला परत पाठवा, नाहीतर परिणाम वाईट होतील, अशा धमक्या बावलांना येत होत्या. त्यांनी तिला पाठवले नाही.

बावलांना फरिश्ता करून दाखवायची गरज नाही. तेही श्रीमंत, शौकीन तरुण होते. पण जिला परत जायचे नाही तिला जबरदस्तीने परत पाठवायचे नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते ठाम राहिले आणि त्यात त्यांचा जीव गेला.

तपास आणि खटला

तेव्हा मुंबईचे पोलीस कमिशनर पॅट्रिक केली होते. काही दिवसांतच नऊ जण अटकेत आले आणि तपासाचे धागे थेट इंदूर संस्थानापर्यंत पोहोचले. आरोपींमध्ये संस्थानच्या नोकरीतली माणसे होती. त्यांतले आनंदराव फणसे तर इंदूरच्या सैन्यातील बडे अधिकारी.

खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर चालला. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा उभे राहिले. आरोपींच्या बाजूने देशातले नामांकित वकील आणले होते. फणसे यांचा बचाव बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी केला. कोर्टाबाहेर रोज गर्दी उसळत होती, वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहत होते.

निकाल मे १९२५ मध्ये लागला. शफी अहमद याच्यासह तिघांना फाशीची शिक्षा झाली. फणसे आणि इतर काहींना जन्मठेप, म्हणजे तेव्हाच्या भाषेत काळे पाणी. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, पण तिथे अपिलाला यश आले नाही.

आरोपींची, वकिलांची नावे मुद्दाम दिली आहेत. आजकाल कोणतीही जुनी गोष्ट हिंदू-मुसलमान करून सांगायची सवय लागली आहे. या खटल्यात मारला गेलेला मुसलमान होता, मारणाऱ्यांमध्ये हिंदूही होते आणि मुसलमानही होते. आरोपीचा वकील मुसलमान, सरकारी वकील पारशी आणि बाईला वाचवणारे इंग्रज. इथे एका बाजूला सत्ता होती आणि दुसऱ्या बाजूला तिला नाही म्हणणारी एक बाई. मजहबचा यात काही संबंध नव्हता.

महाराजांचे काय झाले?

न्यायमूर्तींनी निकालात म्हटले की या मारेकऱ्यांच्या मागे आणखी माणसे आहेत, ती नेमकी कोण हे आपल्याला दाखवता येत नाही. पण जी बाई दहा वर्षे इंदूरच्या महाराजांकडे होती तिलाच पळवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा या हल्ल्याचे मूळ इंदूरकडे शोधणे गैरवाजवी नाही. एवढे बोलून कोर्टाला थांबावे लागले. संस्थानिक हा आपल्या राज्याचा राजा मानला जाई. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साध्या कोर्टात त्याला आरोपी म्हणून उभे करता येत नव्हते.

मग इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले. एक तर चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. तुकोजीरावांनी दुसरा रस्ता निवडला. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि १७ वर्षांचा मुलगा यशवंतराव गादीवर आला. या प्रकरणातील आपल्या कथित संबंधाची पुढे चौकशी होणार नाही, या समजुतीवर आपण गादी सोडत आहोत, असे महाराजांनी लिहून दिले होते.

म्हणजे महाराजांवर गुन्हा कधीच शाबीत झाला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. आणि तो तपासलाही गेला नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. सरकारला बदनामी आवरायची होती, महाराजांना चौकशी टाळायची होती. दोघांचेही काम झाले. ज्यांनी हुकूम पाळला ते फासावर गेले, काळ्या पाण्यावर गेले. हुकूम कोणाचा होता हा प्रश्न फाइलीत बंद झाला.

ज्या होळकर घराण्यात अहिल्याबाईंसारखी राज्यकर्ती झाली, जिच्या न्यायाच्या गोष्टी आजही शाळेत शिकवल्या जातात, त्याच गादीवर ही वेळ आली. तुकोजीरावांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. तिने हिंदू धर्म स्वीकारून शर्मिष्ठादेवी हे नाव घेतले. महाराज १९७८ मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांना दुसरे आयुष्य मिळाले.

आणि मुमताज? खटला संपला, वर्तमानपत्रांची गरज संपली, आणि ती हळूहळू बातम्यांतून नाहीशी झाली. पण त्याआधी, १९२५ सालीच या प्रकरणावर बेतलेला 'कुलीन कांता' नावाचा मूकपट कोहिनूर कंपनीने काढला. दिग्दर्शक होमी मास्टर. चेहऱ्यावरच्या जखमा ताज्या असताना लोक तिची गोष्ट तिकीट काढून पाहत होते.

नावाचा खेळ

एक गोष्ट बघा. खुनाला आपण 'बावला खून खटला' म्हणतो. चारचौघांत कुजबुज करायची असेल तेव्हा 'मुमताज बेगम प्रकरण' म्हणतो. 'तुकोजीराव प्रकरण' असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही.

ही गोष्ट फक्त १९२५ ची नाही. राजकारणातल्या माणसाचे नाव एखाद्या बाईबरोबर जोडले गेले की पहिला प्रश्न बाईबद्दल येतो. ती कोण, कुठली, कपडे कसे घालते, आधी कोणाबरोबर होती. तिच्यासाठी आपल्या भाषेत दहा शब्द तयार आहेत. पुरुषासाठी जास्तीत जास्त 'रंगेल', आणि तोही हसत हसत. सत्ता कोणाच्या हातात होती, नाही म्हणायची सोय कोणाला होती, हे विचारायचे राहून जाते.

आपल्या दीनमध्ये तर तोहमतीबद्दल फार सख्त हुकूम आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करणाऱ्याने चार गवाह आणले नाहीत तर त्यालाच सजा सांगितली आहे आणि त्याची गवाही पुढे कबूल करू नये असे म्हटले आहे. हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर कोणाच्या तरी मुलीबद्दल बोलतो. काही जण म्हणतील, हा हुकूम पाकदामन स्त्रियांसाठी आहे, मुमताजसारखीसाठी नाही. त्यांना आम्ही एवढेच विचारू, बारा वर्षांच्या मुलीची त्यात काय चूक होती?

कायदा तेव्हा आणि आता

१९२५ मध्येच ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा बदलला. लग्नाबाहेर १४ आणि लग्नात १३ वर्षे अशी मर्यादा झाली. आज १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. समोरचा राजा असो, मंत्री असो की गल्लीतला दादा, मुलीची 'मर्जी होती' ही सबब चालत नाही.

आणखी एक बदल आपल्या महाराष्ट्रातून सुरू झाला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिले, कारण तिने पुरेसा विरोध केला नाही असे कोर्टाला वाटले. त्यावर देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून पीडित स्त्रीचे नाव किंवा ओळख जाहीर करणे गुन्हा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७२ आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फॉरवर्ड करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. २०१३ पासून अशा खटल्यांत संमतीचा प्रश्न असताना स्त्रीचे चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध पुरावा म्हणून ग्राह्य धरले जात नाहीत.

घरात काय करावे?

हे सगळे लिहायचे कारण सांगतो. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, ती नंतर सुट्टीत एकटी आमच्याकडे आली. तिच्या एका मैत्रिणीचा फोटो कोणीतरी बनावट करून गल्लीत फिरवला होता. मैत्रीण दोन आठवडे शाळेत आली नव्हती. घरच्यांनी तक्रार करायच्या ऐवजी तिचीच शाळा बंद करायचे ठरवले होते. मुमताजबद्दलचा प्रश्न खरे तर त्या मैत्रिणीबद्दल होता. आम्ही घरी जाऊन तिच्या वालिदांशी तीन वेळा बोललो, तेव्हा कुठे ती परत वर्गात बसली. प्रत्येक मुलीच्या घरी कोणी जातेच असे नाही.

म्हणून पालकांना काही साध्या विनंत्या.

पहिली, मुलगी काही सांगायला आली तर आधी पूर्ण ऐका. 'तू तिथे गेलीसच कशाला' हा प्रश्न त्या वेळी नको. तो एकदा विचारला की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

दुसरी, फोटो किंवा मेसेज डिलीट करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तो पुरावा असतो. सायबर गुन्ह्यासाठी १९३०, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर घरात लिहून ठेवा.

तिसरी, शाळा बंद करू नका. गुन्हा करणारा बाहेर फिरतो आणि मुलगी घरात कोंडली जाते, याला इज्जत वाचवणे म्हणत नाहीत.

चौथी, मुलग्यांशीही बोला. कोणी 'नाही' म्हटले तर त्याचा अर्थ नाही असाच होतो, हे मुलांना घरातच शिकायला हवे. तुकोजीरावांना हे कोणी शिकवले नव्हते.

वर्गातल्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्या दिवशी दिले. मुमताज चांगली की वाईट, ते अल्लाह जाणे. आपल्याला एवढे माहीत आहे की लहानपणी तिला कोणी विचारले नाही. मोठी झाल्यावर ती नाही म्हणाली, त्यासाठी तिचा चेहरा चिरला गेला, आणि तरीही तिने भर कोर्टात जबानी दिली. बाकी मुलांनी स्वतः ठरवावे. त्या दिवशी कोणी हसले नाही.